मात्रेचें दुकान

परदेशचा प्रवास करून आलेला मनुष्य बहुधा पुलांचें, प्रार्थनामंदिरांचें, संग्रहालयांचें आणि धबधब्यांचें वर्णन करतो. दुकानांचें करीत नाहीं. परंतु एखाद्या लोकसमाजाचा स्वभाव जाणून घ्यावयाचा असेल, तर त्याच्या दुकानांत घटकाभर उभें राहावें, असें आमचें मत आहे. तेथें काय विकतात ह्यापेक्षां घेणारा काय विचारतो आणि देणारा काय सांगतो, ह्यावरून पुष्कळ कळतें. गेल्या वर्षीं चिरंजिवांच्या आग्रहावरून आम्ही उभयतां सॅन फ्रान्सिस्को शहरीं तीन महिने राहिलों. त्या मुक्कामांत पाहिलेल्या एका दुकानाची हकीकत आज वाचकांपुढें मांडावयाची आहे. तें दुकान गांजाचें होतें. हा शब्द वाचतांच कित्येकांच्या कपाळास आठी पडेल, आणि ती पडावी हें योग्यच आहे. त्या वस्तूची भलावण करणें हा आमचा हेतु नाहीं; तिच्यावर कीर्तन करणें हाहि नाहीं. जें पाहिलें व ऐकलें तें सांगावें, आणि त्यांतून जो एक विचार मनांत राहिला तो वाचकांच्या हवालीं करावा, इतकाच उद्देश आहे.

चिरंजीव शहराच्या पश्चिम अंगास 'सनसेट' नांवाच्या भागांत राहतो. नांव सूर्यास्ताचें; परंतु जुलै महिन्यांत तेथें सूर्य उगवल्याचीहि खात्री नसते. पॅसिफिक महासागरावरून धुक्याचे लोट येतात आणि दोनप्रहरपर्यंत रस्त्यांवर ठाण मांडून बसतात. भर उन्हाळ्यांत शाल पांघरून फिरावयास निघालेलें आमचें जोडपें पाहून शेजारच्या बाई प्रथम हंसल्या, मग बोलल्या, आणि आठ दिवसांत त्यांचा आमच्याकडे राबता सुरू झाला. त्यांचें वय पंचाहत्तरीच्या पुढें. तीस-पस्तीस वर्षें त्यांनीं त्याच शहरांत मुलांना शिकविलेलें. त्यामुळें एका पेशाच्या माणसांची मैत्री जमावयास वेळ लागला नाहीं. संधिवातानें त्यांचीं बोटें आल्याच्या गड्ड्यासारखीं वेडींवांकडीं झालीं होतीं, आणि रात्रीं झोंप अशी लागत नसे. आमच्या कुटुंबानें निर्गुडीच्या तेलाची शिफारस केली, तेव्हां बाई म्हणाल्या, "मी घेतें तें औषधहि मूळ तुमच्याच देशचें आहे. दुकान पाहावयाचें असेल, तर मंगळवारीं माझ्याबरोबर चला."

आम्ही चिरंजिवांस विचारलें. तो म्हणाला, "बाबा, पाहायला अवश्य जा. पण तेथें कांहीं विकत घेऊं नका, आणि कोणी हातावर ठेवलें तरी तोंडांत टाकूं नका." ह्याचें कारण पुढें यथास्थळ येईल.

मंगळवारीं सकाळीं 'एन-जुडा' ह्या विजेच्या गाडीनें निघालों. ही गाडी घरांच्या रांगांमधून हळूहळू चढत जाते, एका लांब बोगद्यांत शिरते, आणि पलीकडे निघते तों धुकें नाहींसें होऊन लख्ख ऊन पडलेलें असतें. तेथून चार पावलांवर मार्केट स्ट्रीट हा मोठा राजमार्ग लागतो. त्यावर जुन्या धाटणीच्या ट्रामगाड्या मुद्दाम जतन करून चालविल्या आहेत. कांहीं तर इटलींतील मिलान शहराहून आणलेल्या आहेत. चालतां चालतां बाईंनीं त्या वस्तीचा पूर्वेतिहास सांगितला.

इ. स. १९८० नंतरच्या दशकांत ह्या भागांत एड्सच्या रोगानें असा कहर केला कीं, घरटी एखादा तरुण अंथरुणास खिळलेला असे. अन्न पोटांत ठरत नसे, वांत्या थांबत नसत, शरीराचा सांपळा होई. त्या दिवसांत मेरी रॅथबन नांवाची एक प्रौढ बाई गांजा घातलेल्या 'ब्राउनी', म्हणजे चॉकलेटच्या वड्या, घरीं भाजून रुग्णांस फुकट वांटीत असे. तिचा जन्म इ. स. १९२२ चा. इ. स. १९८१ पासून १९९२ पर्यंत पोलिसांनीं तिला तीन वेळां पकडलें. पण ती सुटून आली कीं पुन्हा इस्पितळांत स्वयंसेवेस हजर. लोक तिला 'ब्राउनी मेरी' म्हणत. डेनिस पेरॉन ह्या गृहस्थाचा जिवलग सोबती ह्याच रोगानें इ. स. १९९० मध्यें वारला. त्यानंतर त्यानें रुग्णांसाठीं गांजा मिळण्याची एक मंडळी उघडली. तिचें घर ह्याच मार्केट स्ट्रीटवर होतें. इ. स. १९९६ च्या ऑगस्टमध्यें सरकारनें तेथें धाड घातली. आणि त्याच वर्षाच्या ५ नोव्हेंबरला कॅलिफोर्नियाच्या मतदारांनीं शेंकडा ५५ हून अधिक मतांनीं औषधी गांजास मोकळीक दिली. "माझ्या दोन विद्यार्थ्यांना मी त्या वर्षांत पोंचवून आलें," इतकें बोलून बाई कांहीं वेळ गप्प राहिल्या. नंतर इ. स. २०१६ मध्यें पुन्हा मतें घेण्यांत आलीं, आणि १ जानेवारी २०१८ पासून एकवीस वर्षांवरील कोणाहि प्रौढास ही वस्तु परवानेदार दुकानांत मिळूं लागली.

औषध मूळ आपल्या देशचें, असें बाई म्हणाल्या त्यांतहि तथ्य आहे. पाणिनीच्या व्याकरणांत तीळ, उडीद, जवस ह्यांच्या शेतांस काय म्हणावें हें सांगणारें एक सूत्र आहे. त्यांत भंगेचें शेतहि येतें. भावप्रकाशांत भंगेचीं नांवें दिलीं आहेत, त्यांत 'विजया' आहे आणि 'मादिनी' हि आहे. गुण सांगतांना ती पाचक आहे असें म्हणून तोच ग्रंथकार मोह व मद वाढविणारी असेंहि बजावतो. इ. स. १८३९ मध्यें कलकत्त्याच्या वैद्यकीय विद्यालयांतील डॉक्टर ओशॉनेसी ह्यांनीं तिच्यावर प्रयोग करून निबंध लिहिला, आणि तेथून ती विलायती वैद्यकांत गेली. अमेरिकेच्या अधिकृत औषधिकोशांत तिला एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर जागा मिळाली, ती इ. स. १९४२ पर्यंत टिकली. म्हणजे ज्या दुकानाकडे आम्ही निघालों होतों, त्याच्या मालाची वंशावळ वाटली होती तितकी परकी नव्हती.

दुकानाच्या दर्शनी भागीं पाटी साधी होती; आंतील माल रस्त्यावरून दिसत नव्हता. दाराशीं एक धिप्पाड पहारेकरी उभा. त्यानें बाईंच्या ओळखपत्राकडे पाहिलें आणि आम्हांकडे हात पुढें केला. वय एकवीस पुरें झाल्याचा दाखला हवा! डोक्यावरचा एकूण एक केंस पांढरा झालेला मास्तर आपण अज्ञान नसल्याचें पारपत्र दाखवून सिद्ध करतो, हें दृश्य आमच्या कुटुंबास फार गमतीचें वाटलें. पहारेकरी मात्र हंसला नाहीं. "मी प्रत्येकाचें पाहतों," तो म्हणाला, "म्हणजे कोणाचें पाहावें हा विचार मला करावा लागत नाहीं." शाळेंत हजेरी घेणाऱ्यास हें तत्त्व पटण्यासारखें आहे.

आंत गेल्यावर, साधुबैराग्यांच्या धुनीजवळ येतो तसा वास येईल अशी आमची अपेक्षा होती. परंतु सर्व माल बंद पुड्यांतून व डब्यांतून येत असल्यामुळें वास बेताचाच होता. स्वच्छ लांकडी फळ्या, कांचेच्या पेट्या, मंद दिवे. एखादें चष्म्याचें दुकान वाटावें. पेट्यांत वाळलेल्या कळ्या, तेलें, मलमें, आणि लहान मुलांच्या खाऊसारख्या दिसणाऱ्या रंगीत मऊ गोळ्या. कळ्यांच्या पुड्यांवर एकीकडे 'इंडिका' व दुसरीकडे 'सॅटायव्हा' असें लिहिलेलें. पहिली झोंप आणते व दुसरी हुशारी आणते असा गिऱ्हाइकांचा समज आहे. पण शास्त्रज्ञ म्हणतात कीं, ह्या नांवांवरून परिणामाचा भरंवसा धरतां येत नाहीं. 'इंडिका' हें नांव मात्र इ. स. १७८५ मध्यें लामार्क ह्या फ्रेंच पंडितानें हिंदुस्थानांतून गेलेल्या नमुन्यांवरून दिलें, तें पृथ्वीच्या दुसऱ्या टोंकास पुड्यापुड्यांवर वाचून कांहींसें विलक्षण वाटलें.

मालाच्या फळीपलीकडे जी माणसें उभीं असतात त्यांस तेथें 'बडटेंडर' म्हणतात. बड म्हणजे कळी. मद्यगृहांतील वाढप्याच्या नांवावरून हा शब्द बनविला आहे. आमच्या बाईंची नेहमींची वाढपी पंचविशीची एक मुलगी होती. दिवसा दुकान, संध्याकाळीं कॉलेज. तिनें बाईंना एकदम माल काढून दिला नाहीं. मागच्या वेळची गोळी कधीं घेतलीत? पूर्ण कीं अर्धी? मध्यरात्रीं उठतांना तोल गेला काय? नवीन कांहीं औषध सुरू झालें काय? बाई म्हणाल्या, रक्त पातळ ठेवण्याची गोळी डॉक्टरांनीं नुकतीच दिली आहे. मुलगी थांबली. "मग आज जुनेंच मलम घ्या. पोटांत घ्यावयाचें तें डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. मी डॉक्टर नाहीं." असें म्हणून तिनें महाग डबा परत फळीवर ठेवला. विक्री कमी करणारा विक्रेता आम्ही पुष्कळ वर्षांनीं पाहिला.

आमच्या कुटुंबानें आमच्यामार्फत हळूच विचारलें कीं, ह्या गोळ्यांत जिलेटिन, म्हणजे जनावरांच्या हाडांपासून काढलेला चिकट पदार्थ, असतो काय? मुलगी म्हणाली, कांहींत असतो. पण पुष्कळ गोळ्या आतां फळांच्या सालींतील पेक्टिनवर करतात. घ्यावयाचें नसलें तरी चौकशी शुद्ध असावी, हा गृहिणीधर्म!

इतक्यांत शेजारीं एक तरुण प्रवासी आला. "तुमच्याजवळ सर्वांत जोरदार काय आहे?" हा त्याचा पहिला प्रश्न. मुलीनें एक डबा उलटा करून मागची बारीक अक्षरें त्यास वाचून दाखविलीं. त्या राज्याच्या नियमाप्रमाणें खाण्याच्या पदार्थाच्या एका भागांत मादक द्रव्य, ज्यास टी.एच.सी. म्हणतात, १० मिलिग्रॅमहून अधिक नसावें, आणि प्रौढांच्या साध्या विक्रींत सबंध डब्यांत १०० मिलिग्रॅमहून अधिक नसावें. डबा लहान मुलास सहज उघडतां येऊं नये, आणि माल प्रयोगशाळेंत तपासलेला असावा, हेंहि बंधन आहे. "पहिलीच वेळ असेल तर अर्धी गोळी घ्या, आणि दोन तास थांबा," ती म्हणाली. "कांहीं झालें नाहीं तरी थांबा. गाडी चालवूं नका." तरुण हंसला व म्हणाला, "दोन तास?" ती हंसली नाहीं. तिनें तेंच वाक्य एका कागदावर लिहून त्याच्या पिशवींत टाकलें.

ही दक्षता फाजील वाटेल, म्हणून येथें एक घडलेली गोष्ट सांगतों. कोलोरॅडो राज्यांत अशी दुकानें १ जानेवारी २०१४ रोजीं प्रथम उघडलीं. त्याच वर्षाच्या मार्च महिन्यांत एकोणीस वर्षांच्या एका विद्यार्थ्यानें मित्रानें विकत घेतलेलें गांजाचें एक बिस्किट खाल्लें. त्यांत ६५ मिलिग्रॅम द्रव्य होतें. दुकानांतील नोकरानें सांगितलें होतें कीं, बिस्किटाचे सहा तुकडे करून एकच खावा. त्या मुलानें तसा एकच तुकडा खाल्ला. अर्ध्या-एक तासांत कांहीं वाटेना, म्हणून उरलेलें सबंध बिस्किट खाल्लें. पुढें त्याचें भान सुटलें, आणि पहिल्या तुकड्यापासून सुमारें साडेतीन तासांनीं त्यानें चौथ्या मजल्याच्या सज्जांतून उडी टाकली. तो वांचला नाहीं. धुराचा परिणाम क्षणांत होतो. पोटांत घेतलेल्याचा होण्यास तास-दोन तास लागतात. किती खावें हें त्या मुलास सांगितलेलें होतें. किती वेळ थांबावें हें त्याच्या मनावर ठसलें नाहीं.

संस्कृतांत 'मात्रा' हा शब्द दोन शास्त्रांत येतो. वैद्यकांत तो औषधाचें प्रमाण सांगतो. व्याकरणांत उच्चाराचा काळ मोजतो, ह्रस्वाची एक, दीर्घाच्या दोन, प्लुताच्या तीन. हे दोन अर्थ आम्ही वर्गांत नेहमीं निरनिराळे करून शिकविले. ह्या दुकानाच्या फळीशीं मात्र ते एक झाले. तेथें खरी विक्रीची वस्तु म्हणजे किती घ्यावें आणि किती थांबावें, हें ज्ञान. कळ्या काय, चोरट्या बाजारांतहि मिळतात, आणि स्वस्त मिळतात. कारण तेथें अबकारी कर नाहीं व प्रयोगशाळेचा खर्चहि नाहीं. परवान्याच्या दुकानानें त्यावर काय अधिक द्यावें? मात्रा द्यावी. ती नसेल तर परवाना म्हणजे नुसता भिंतीवरचा कागद.

ही मात्रा सर्वत्र नीट मिळते असें मात्र नाहीं. इ. स. २०१८ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत कोलोरॅडोतील ४०० दुकानांस दूरध्वनि करून, आपण दोन महिन्यांची गर्भवती असून मळमळीनें हैराण आहों, असें सांगण्यांत आलें. त्यांपैकीं शेंकडा ६९ दुकानांनीं गांजाचा माल सुचविला. गर्भिणीस! अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञानसंस्थेनें इ. स. २०१७ मध्यें मोठा अहवाल काढला. त्यांत जुनाट वेदनांवर ह्या द्रव्याचा उपयोग होतो ह्यास भक्कम पुरावा मान्य केला आहे, आणि त्याच अहवालांत मनोविकृतीशीं व वाहनांच्या अपघातांशीं त्याचा संबंधहि दाखविला आहे. म्हणजे भावप्रकाशकारानें एका श्लोकांत जी दुहेरी साक्ष दिली, तीच ह्या पंडितांनीं शेंकडों पानांत दिली. अशा दुधारी वस्तूचा सल्ला ज्यानें द्यावयाचा, त्याचें शिक्षण वैद्याचें नसतें, पगार दुकानदारी नोकराचा असतो, आणि मालकाची नजर गल्ल्यावर असते.

दुपारच्या सुटींत ती मुलगी बाहेरच्या बांकावर येऊन बसली, तेव्हां आम्ही तिला विचारलें कीं, ह्या नोकरींत सर्वांत कठीण काय? आम्हांस वाटलें, ती चोरांचें नांव घेईल. कारण ह्या दुकानांचा व्यवहार पुष्कळसा रोकडीचा असतो. पतपेढ्यांवर मध्यवर्ती सरकारची देखरेख असल्यामुळें पुष्कळ पेढ्या ह्या धंद्याचा पैसा ठेवावयास भितात, आणि मोठ्या कंपन्यांचीं उधारीचीं कार्डें तेथें चालत नाहींत. रोकड असली कीं दरोडा आलाच. पूर्वींच्या एका दुकानांत तिनें तोहि पाहिला होता. म्हणून रात्रीं दुकान बंद करतांना कोणी एकटें बाहेर पडत नाहीं. पण ती म्हणाली, "चोरांची भीति दोन दिवसांत जाते. पुढें काय झालें हें कळत नाहीं, ही गोष्ट जात नाहीं. सकाळच्या त्या मुलाला मी दोन तास थांबायला सांगितलें. तो थांबला कीं नाहीं, हें मला कधींच कळणार नाहीं."

आम्ही चाळीस वर्षें शिकविलें. वर्गांतून गेलेल्या मुलांविषयीं नेमकी हीच हुरहूर आम्ही बाळगली आहे, म्हणून तिचें म्हणणें आम्हांस भाषांतराशिवाय समजलें.

आतां चिरंजिवांच्या इशाऱ्याचें कारण. कॅलिफोर्नियाच्या कायद्यानें हें दुकान कायदेशीर आहे. अमेरिकेच्या मध्यवर्ती कायद्यानें नाहीं. इ. स. १९७० च्या कायद्यानें गांजा हेरॉइनच्या पंक्तीस बसविला. इ. स. २०२४ मध्यें त्यास खालच्या वर्गांत आणावें असा प्रस्ताव सरकारनेंच मांडला. तथापि वर्ग बदलल्यानें असलीं प्रौढांचीं दुकानें मध्यवर्ती कायद्यास मान्य होत नाहींत. गंमत अशी कीं, त्याच मध्यवर्ती सरकारनें ह्या दुकानांपासून प्राप्तीवरील कर मात्र घेतला, आणि इ. स. १९८२ च्या एका कलमाचा आधार घेऊन भाडें-पगारासारखे खर्च वजा करूं देण्याचें नाकारलें. एकाच उंबऱ्यावर दोन राजे! तेथील नागरिकांस ह्या दुराज्याचा फारसा जाच होत नाहीं; परंतु परदेशस्थास होतो. कारण कोणास देशांत येऊं द्यावें आणि कोणास नागरिकत्व द्यावें, हें मध्यवर्ती सरकार ठरवितें. इ. स. २०१९ च्या एप्रिलमध्यें तेथील नागरिकत्व-खात्यानें स्पष्ट केलें कीं, राज्याच्या कायद्यानें मुभा असली तरी गांजाचें सेवन किंवा त्या धंद्यांतील नोकरी ही अर्जदाराच्या सदाचरणाच्या आड येऊं शकते. आपल्या मराठी घरांतील शेंकडों मुलें-मुली तेथें तात्पुरत्या परवान्यावर किंवा कायम वास्तव्याच्या पत्रावर राहतात. मित्रांच्या मेळाव्यांत हातावर ठेवलेली एक गोळी, किंवा सुटींत अशा दुकानांत केलेली चार दिवसांची नोकरी, त्यांस पुढें महाग पडूं शकते. ज्यांचीं मुलें तिकडे आहेत त्यांनीं ही गोष्ट पत्रांत अवश्य लिहावी. आणि नातवंडें ज्या घरांत असतात तेथें कोणा पाहुण्याची अशी गोळी उघडी राहूं नये, हेंहि लिहावें. कारण ती खाऊसारखी दिसते.

आपल्याकडे ब्रिटिश अमदानींत सरकारी परवान्याचीं गांजाचीं दुकानें होतीं. इ. स. १८९३-९४ मध्यें नेमलेल्या चौकशीमंडळानें अकराशेंहून अधिक साक्षी घेऊन, सरसकट बंदीपेक्षां परवाना व कर हाच मार्ग बरा, असा निर्णय दिला. स्वतंत्र भारताच्या इ. स. १९८५ च्या कायद्यानें गांजा व चरस निषिद्ध झाले. नुसतीं पानें त्या व्याख्येबाहेर राहिलीं, म्हणून काशीसारख्या ठिकाणीं परवान्याचीं भांगेचीं दुकानें आजहि दिसतात. कर कसा बसवावा व बंदी कोठें घालावी, ह्याचा खल दोन्ही देशांत पुष्कळ झाला आहे. परंतु फळीच्या अलीकडे उभ्या असलेल्या वेदनाग्रस्त म्हातारीस आणि उतावळ्या तरुणास दोन शब्द कोणी, कोणत्या शिक्षणावर आणि कोणाच्या जबाबदारीवर सांगावयाचे, ह्याचा विचार तितका झालेला दिसत नाहीं.

असल्या दुकानास मोकळीक द्यावी कीं देऊं नये, हा वाद विद्वानांनीं करावा. आम्ही एवढेंच म्हणतों कीं, जेथें तें उघडलें आहे तेथें त्याची किंमत फळीवरच्या मालावरून करूं नये. महाग डबा परत ठेवून "मी डॉक्टर नाहीं" असें म्हणणारें माणूस फळीपलीकडे उभें आहे काय, आणि तसें म्हटल्याबद्दल त्याची नोकरी शाबूत राहते काय, हें पाहावें.